शेडचं दार आतून लावलेलं

माझ्या नवऱ्याचे हात दिसायला फार चांगले होते. रुंद तळवे, लांब बोटं, पैलवानाला शोभावीत अशी मनगटं. लग्नात माझी आत्या सगळ्यांदेखत म्हणाली होती, "पोरीनं हात बगूनच होकार दिलाय." ते काही खोटं नव्हतं. पण हे लढाईवरून परत आले तेव्हा त्या हातांत नुसतं देखणेपण उरलं होतं. परमुलखात कुठल्याशा घाटात लष्कराची लॉरी उलटली आणि ह्यांच्या मानेला मार बसला. हाडं जुळली, पण बोटांतली ताकद गेली ती गेलीच. पाण्याचा तांब्या हे दोन तळव्यांत दाबून उचलायचे. सदऱ्याची बटणं मी लावायची. हात तुटला असता तर लोकांनी हळहळ तरी केली असती. धडधाकट दिसणाऱ्या हाताला कोण हळहळणार?

उलट लोकांनी त्याचा भलताच अर्थ लावला. भाकरी मोडता यायची नाही म्हणून मी कुस्करून द्यायची आणि हे चमच्यानं खायचे, तर भावकी म्हणाली, पलटणीतून साहेब होऊन आलाय. ह्यांनी कुणाला खरं सांगितलं नाही. घरची जमीन भाऊ कसत होते, आणि तिथं बिनहाताचा माणूस म्हणजे खायला काळ आणि भुईला भार. तेवढं ऐकून घ्यायची ह्यांची तयारी नव्हती. म्हणून कृष्णाकाठच्या एका बड्या ऊसवाल्याकडे ह्यांनी ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरची नोकरी धरली. पलटणीत गाड्या दुरुस्त करत होतो, एवढंच सांगितलं, आणि तेवढं खरंच होतं. ट्रॅक्टरच्या शेडला लागून एक खोली होती, ती आम्हाला मिळाली. खोलीतून शेडमध्ये जायला एक बुटकं दार होतं. माझा संसार त्या दाराच्या दोन्ही बाजूंना झाला, पण लोकांना एकच बाजू माहीत होती.

ट्रॅक्टर मालकांच्या वडिलांनी घेतलेला. लोखंडी चाकांचा, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचा, वयानं जवळजवळ माझ्याएवढा. उन्हाळ्यात नांगरट करायची, आणि गुऱ्हाळ लागलं की चरकासमोर उभा करून पट्टा चढवायचा. चरकात ऊस पिळायचा, रस काहिलीत, गूळ रांधायच्या मोठ्या कढईत, जायचा. सुकाणू हे मनगटांनी आणि कोपरांनी सांभाळायचे. पुढचं हँडल फिरवून इंजिन सुरू करायचं मात्र ह्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यावर ह्यांनी पहिल्याच दिवशी गड्यांना लष्करी आवाजात दम भरला, "ड्रायव्हर हँडल मारत नसतो. हँडल मारायला मानूस ठेवत्यात." गडी दबकले आणि मुकाट्यानं हँडल मारू लागले. मी खोलीत तोंडात पदर कोंबून हसले. तेव्हा मला हसू यायचं, कारण पुढं काय वाढून ठेवलंय ते माहीत नव्हतं.

बारीकसारीक दुरुस्ती निघाली की मी बुटक्या दारातून आत जायची. हे सांगायचे, मी करायची. "उजवीकडं फिरव. थांब. अर्धा फेरा माघारी." पाने कुठले, बोल्ट कुठले, आतून काय कशाला धरून असतं, हे मी असं शिकले. पण हे कुणाला कळून चालणार नव्हतं. मालकांची आई, जिला सगळे थोरल्या बाई म्हणत, तिचा पक्का समज होता की बाईचा पदर लागला की यंत्र रुसतं. खंडेनवमीला ट्रॅक्टरची पूजा व्हायची तेव्हा आम्हा बायकांना लांबूनच हात जोडावे लागत. मी लांबूनच जोडले. जोडताना मनात म्हटलं, बाई, तुमच्या ह्या देवाची नाडी न् नाडी मला माहीत आहे.

गुऱ्हाळ ऐन भरात असताना ट्रॅक्टर पुढून तेल टाकायला लागला. हँडल जिथं बसतं, तिथून इंजिनचा मुख्य शाफ्ट बाहेर येतो. तो फिरताना आतलं तेल बाहेर येऊ नये म्हणून झाकणात एक लोकरीचं कडं बसवलेलं असतं. ते कडं झिजलं होतं. तेल पंख्याच्या पट्ट्यावर उडायचं, पट्टा घसरायचा, पंखा मंदावायचा आणि पाणी उकळून वर यायचं. की चरक बंद. इकडे काहिलीखाली जाळ चाललेला, तिकडे तोडलेला ऊस वाळत पडलेला, आणि गूळ रांधणारा गुळव्या आई-माई उद्धरत उभा. मालक म्हणाले, "काय लागंल ते कर, पर चरक थांबता कामा न्हाई."

ते कडं मुंबईला मिळालं तर मिळणार, तेही लढाईनंतरच्या त्या टंचाईत. हे रात्री खोलीत बसून म्हणाले, "लोकरीचं असतंय ते. दाबून दाबून घट्ट केल्यालं." मी म्हटलं, "म्हंजी नमदाच की. घोड्याच्या खोगिराखाली घालत्यात तसा." माझं माहेर आटपाडीकडचं. मेंढरं, लोकर, घोंगडी ह्यात मी वाढलेली. आईनं लग्नात दिलेली नवी घोंगडी ट्रंकेत तशीच होती. आम्ही एकमेकांकडे बघितलं. ह्यांच्या डोळ्यांत विचारणं होतं आणि मला नाही म्हणायला जागा नव्हती.

पण हे काम घटकाभराचं नव्हतं. दिवसाउजेडी, शेडचं दार लावून, निवांत करावं लागणार होतं. आणि दिवसा मला थोरल्या बाईंचं बोलावणं यायचं. तांदूळ निवड, हळद कांड, पोरांना आंघोळ घाल. मग मी सकाळी वाड्याच्या मागच्या दाराशी जाऊन लांबूनच सांगितलं की मला कावळा शिवला. झालं. चार दिवस कुणी माझ्याकडे फिरकणार नव्हतं, मला कुणी हाक मारणार नव्हतं, माझी सावलीसुद्धा कुणाला नको होती. इतकं सोपं होतं नाहीसं होणं. एरवी त्या चार दिवसांचा मला संताप यायचा. त्या दिवशी मी त्यांच्यामागं लपले, आणि संताप काही कमी झाला नाही.

बैल लावून ट्रॅक्टर शेडमध्ये ओढला. रेडिएटर जड, तो उतरवायला ह्यांनी दोन गडी घेतले. मग त्यांना बाहेर काढलं. "आतलं काम नाजूक हाय. मला कुनी मधी नको." दाराची कडी लागली आणि मी बुटक्या दारातून वाकून आत आले. वर पत्रा, पत्र्यावर ऊन, आणि खालच्या जमिनीत वर्षानुवर्षं मुरलेल्या तेलाचा वास. पट्टा निघाला, हँडल अडकवायचा नट निघाला, पण शाफ्टवरची पुली काही हलेना. ती ओढून काढायचं हत्यार नव्हतं. हे चडफडत म्हणाले, "ठोकशील तर फुटंल." मी खोलीत गेले, चुलीवरचं उकळतं पाणी आणलं आणि पुलीवर ओतलं. पितळी डब्याचं झाकण अडकलं की आम्ही बायका दुसरं काय करतो? लाकडी मोगरीचे दोन हलके ठोके दिले आणि पुली सुटून हातात आली. ह्यांचा चेहरा पडला. मला वाटलं होतं ते खूश होतील.

आतलं झाकण काढलं, खोबणीतलं जुनं, जळून काळं झालेलं कडं दाभणानं उकरलं, त्याच्या मापानं घोंगडीतून चकत्या कापल्या, एकावर एक शिवून नवं कडं केलं, तेलात भिजवून बसवलं. नवी कोरी घोंगडी, ताठ, घट्ट विणीची. मला वाटलं, इतकी घट्ट आहे, तेल काय थेंबभर जाईल! हँडल मारलं, चरक फिरला, आणि अर्धा दिवस खरंच तेल आलं नाही. आमच्या खोलीत चुलीला शिवू नको म्हणणारं कुणी नव्हतं, मी भाकऱ्या थापत होते. एकाएकी जळक्या लोकरीचा वास आला. तो वास मला लहानपणापासून माहीत. मी भाकरी तव्यावर तशीच टाकून उभी राहिले, आणि बाहेर गुळव्याची शिवी ऐकू आली.

चूक माझीच होती, आणि ती माझ्या मुलखाच्या माणसानं करायलाच नको होती. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते. त्या खळीनंच ती ताठ राहते, पाऊस अडवते. पण खळ असलेली लोकर तेल पीत नाही. वरवर भिजल्यासारखं दिसतं आणि आत कोरडं राहतं. शाफ्टवर ते कडं कोरडंच घासत राहिलं आणि जळलं. घट्ट म्हणजे चांगलं, असं मला वाटलं होतं. माझ्या आईला हे कळलं असतं तर तिनं कपाळावर हात मारून घेतला असता.

माझ्या चार दिवसांतले थोडेच उरले होते. उरलेली घोंगडी मी फाडली, रिठ्याच्या पाण्यात उकळली. खळ सुटून पाणी बुळबुळीत झालं. ते ओतलं, पुन्हा उकळली, मग खोलीच्या कोपऱ्यात दगडी फरशीवर टाकून पायांनी तुडवत राहिले. वरून कढत पाणी, मग गार, मग पुन्हा कढत. पाय भाजले. लोकर आटत आटत दाट झाली, विणीचे धागे दिसेनासे झाले, बोटानं दाबलं की दबायची आणि पुन्हा वर यायची. हे उंबऱ्यावर बसून बघत होते. ह्यांना पाय होते, तुडवता आलं असतं, पण खोलीचं बाहेरचं दार उघडं ठेवावं लागायचं, नाहीतर धूर कोंडायचा. आणि पुरुषानं घोंगडी तुडवताना कुणी बघितलं असतं तर विचारलं असतं की बाईनं का नाही. म्हणजे मी दिसू नये म्हणून एक दार लावायचं, आणि हे दिसू नयेत म्हणून दुसऱ्या दारापासून लांब राहायचं. त्या दोन खणांत आम्ही दोघं असे गुंतून पडलो होतो.

दुसऱ्यांदा सगळं खोललं. ह्या खेपेला कडं तेल प्यायलं, अगदी गच्च प्यायलं. शाफ्टवरून सरकवताना हे म्हणाले, "बांगडी भरल्यागत बसाय पायजे बग. चढताना दुखंल, चढल्यावर फिरंल." कडं बसलं. झाकण जागेवर धरून मी पहिला बोल्ट शोधत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली.

"काय रं गड्या, उगड." मालक.

बुटकं दार शेडच्या दुसऱ्या टोकाला. तिकडे जायचं तर मालकांच्या नजरेसमोरून जावं लागणार. आणि हातातलं झाकण सोडलं तर ते खण्णकन खाली पडणार, कडंही निघणार. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी इंजिनाच्या पुढं भिंतीशी बसकण मारली, झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि ह्यांनी कडी काढली.

मालक आत आले आणि दाराजवळच्या पिंपावर बसले. मधे ट्रॅक्टर होता म्हणून मी दिसत नव्हते. चार पावलं पुढं आले असते तर दिसले असते. तंबाखू मळायला लागले, म्हणजे लवकर उठायचं लक्षण नाही. माझे दंड भरून आले. कोपरावरून तेलाची धार चोळीत उतरत होती. शिंक येईल अशी भीती वाटली, आणि वाटली तशी यायलाच लागली. मी जीभ चावून धरली.

"तुजं हात तर कोरडंच हायती की रं," मालक म्हणाले.

ह्यांनी हात खिशात घातले आणि शांतपणे म्हणाले, "मालक, आदी डोक्यात खोलावं लागतंय. डोक्यात बसलं की हाताला किती येळ?"

"व्हय, व्हय. त्ये बी खरंच." मालकांना ते फार पटलं. मग आवाज बदलून म्हणाले, "पर आइक. उद्या सकाळी चरक फिरला न्हाई तर सांगलीस्नं दुसरा ड्रायव्हर येतोय. सांगून ठिवलंय. त्याला खोली लागंल. माजा बी इलाज न्हाई."

ते गेले, कडी लागली. मी बोल्ट लावले. एकेक करून सगळे लावले, आणि मगच उठले. पायांना मुंग्या आल्या होत्या. माझा इतका भडका उडाला होता की आवाज दाबून बोलताना गळा दुखला. "तुमी हात खिशात घालून शाणं झाला. आन् मी हितं जीभ चावून रगात काडलं!"

हे म्हणाले, "तुज्या जागी मला बसू दे, येवढंच मागतो म्या देवाकडं. दुसरं कायबी मागत न्हाई."

मी पुली बसवायला घेतली.

सकाळी चरक फिरला. दिवस मावळेपर्यंत फिरला, दुसऱ्या दिवशी फिरला. तेलाचा थेंब नाही. मी न्हाऊन 'शुद्ध' होऊन थोरल्या बाईंचे तांदूळ निवडायला गेले आणि सांगलीचा ड्रायव्हर काही आला नाही. खोली वाचली. मला वाटलं, सुटलो.

पुढच्याच आठवड्यात मालकांचे फलटणचे पाहुणे गुऱ्हाळावर आले. त्यांच्याकडेही असाच जुना ट्रॅक्टर, त्याचीही हीच रड. मालक फुशारकीनं म्हणाले, "आमचा गडी धाडतो की. दार लावून बसतो, आन् मशीन नवं करून भाईर येतो." मी सगळ्यांना चहा द्यायला आले होते. थोरल्या बाईही ताज्या गुळाचा खडा चाखत बसल्या होत्या. मी ह्यांच्याकडे बघितलं. एकटे फलटणला गेले तर तिथं कोणाचे हात आणणार होते? नाही म्हणायचं तर कारण काय द्यायचं? ह्यांनी एकदम मान वर केली.

"मालक, त्ये म्या न्हाई केलं. माज्या बोटांत जोर न्हाई, लढाईपास्नं न्हाई. हिनं केलंय. दोनी बारीला. म्या निस्ता सांगत हुतो."

आता खोली जाणार, नोकरी जाणार, आणि तरी, खरं सांगते, माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. आता दार उघडणार असं वाटलं.

आधी पाहुणे हसले, मग मालक, मग गुळव्यासुद्धा. मालक हसताहसता म्हणाले, "पाव्हणं, बगा, लय मोठ्या मनाचा गडी. सोताच्या कामाचं नाव बायकूला देतोय!"

"थट्टा न्हाई मालक," हे म्हणाले. आणि ते देखणे हात सगळ्यांपुढं धरले. रुंद तळवे, लांब बोटं. बघणाऱ्यांना आणखी हसू आलं.

थोरल्या बाईंनी तर निकालच लावला. "अरं बाबा, त्या दिसांत ती बाजूला बसली हुती. माजंच तांदूळ निवडायचं राहिलं हुतं. आन् तसल्या येळंला बाईचा हात लागला असता, तर मशीन फिरलं असतं व्हय?"

चार पुरुषांत बाईनं कसं म्हणायचं, की मला कावळा शिवलाच नव्हता? म्हटलं असतं तर यंत्राचं राहिलं बाजूला, थोरल्या बाईंना फसवलं म्हणून माझी वरात निघाली असती. माझं खोटं इतकं पक्कं बसलं होतं की माझ्या नवऱ्याचं खरं त्यातून बाहेर येईना. ह्यांनी माझ्यासाठी नोकरी पणाला लावली होती, आणि मी त्यांना साथ देऊ शकले नाही. मी चहा पुढं केला.

"मग घिऊन जा की तुज्या फिटरणीला," मालक डोळे पुसत म्हणाले. "फलटनला भाकरी तरी गरम मिळंल."

ते नाव मला चिकटलं ते चिकटलंच. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "काय फिटरीनबाई, चुलीचं बोल्ट आवळलं का?" आणि खदखदून हसायच्या. त्यांच्याबरोबर मीही हसायची. एकदा खरं सांगून झालं होतं. पुन्हा सांगायला जागा उरली नव्हती.

फलटणला आम्हाला पोचवायला पाहुण्यांनी त्यांची गाडी दिली. वाटेत हे म्हणाले, "म्या सांगितलं गं." मी म्हटलं, "सांगितलंसा." त्या घडीला माझी ह्यांच्यावर जितकी माया होती तितकी कधीच नव्हती, आणि रागही तितकाच होता.

तिथली शेड मोठी होती, ट्रॅक्टर आमच्यासारखाच. गड्यांनी रेडिएटर उतरवला आणि हे त्यांना म्हणाले, आता मला कुणी मधी नको. गडी गेले. मी भाकरीची टोपली घेऊन आत शिरले. दाराला आतून कडी नव्हती. हे दाराला पाठ लावून जमिनीवर बसले, पाय रोवले, आणि मी पाना उचलला.